कोयता फिरतो, कागद फिरत नाहीत

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग मागे पडलं की जळकोट लागतं. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. पश्चिमेला सोलापूर, पूर्वेला उमरगा आणि पुढे सरळ हैदराबादचा रस्ता. दक्षिणेला थोड्याच अंतरावर कर्नाटकातला आळंद तालुका. पाऊस हुलकावणी देणारा, जमीन बरीचशी कोरडवाहू, खरिपाची सारी भिस्त सोयाबीनवर. अशा पट्ट्यातल्या माणसाला पोटासाठी बाहेर पडणं नवं नाही. कुणी पुण्यात कंपनीत लागतो, कुणी हैदराबादला बांधकामावर जातो. दिवाळी आटोपली की जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात.

बाहेरून आलेला माणूस सरकारी तिजोरीवर भार टाकतो की तिच्यात भर घालतो, या प्रश्नावर युरोप-अमेरिकेत निवडणुका जिंकल्या आणि हरल्या जातात. आपण हा वाद परदेशी बातम्यांच्या पानावर वाचतो आणि पान उलटतो. खरं तर तो वाद आपल्या दाराशी आहे. भारत हे एक राष्ट्र असलं तरी कल्याणाच्या योजनांपुरती इथली राज्यं वेगवेगळ्या देशांसारखी वागतात. आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण या तीन राज्यांच्या योजना एकमेकींना कुठे भिडतात, कुठे एकमेकींकडे पाठ फिरवतात, हे बघायला जळकोटइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

एक रेष, तीन सरकारं

३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत उस्मानाबाद (आजचं धाराशिव), गुलबर्गा आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आळंदसह गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला, तेलंगण आंध्रात गेलं. शेतं तीच राहिली, बाजार तेच राहिले, रोटीबेटीचे व्यवहारही थांबले नाहीत. बदललं ते सरकार, आणि सरकारबरोबर मदतीची रीत.

आज या रेषेच्या दोन्ही बाजूंना काय दिसतं? महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख बाईला २००० रुपये. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट, तेही राज्याच्या हद्दीपर्यंत. कर्नाटकात जून २०२३ पासून तिथल्या रहिवासी महिलांना सरकारी साध्या बसने फुकट प्रवास. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात ३१२ रुपये रोज होता, कर्नाटकात ३७०, तेलंगणात ३०७. माती तीच आणि खड्डाही तेवढाच, पण हद्द ओलांडली की रोजात ५८ रुपयांचा फरक.

इकडची लेक आळंदकडे दिली की लाडक्या बहिणीच्या यादीतून तिचं नाव गळतं आणि गृहलक्ष्मीसाठी तिला तिकडचे कागद गोळा करावे लागतात. तिकडची सून इकडे आली तर नवऱ्याच्या कागदपत्रांवर तिची सोय होते. महाराष्ट्राने तशी तरतूद केली आहे. लग्नाने हद्द ओलांडणाऱ्या बाईचा विचार निदान झाला. कामासाठी सहा महिने हद्द ओलांडणाऱ्या बाईचा विचार मात्र कुठल्याच सरकारने नीट केलेला नाही.

बंजारा समाजाचं उदाहरण याहून बोलकं आहे. या समाजाचे तांडे तिन्ही राज्यांत आहेत, बोली एक, देव एक, सोयरिकी एकमेकांत. पण हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि तेलंगणात अनुसूचित जमाती. सवलत कुठली मिळणार, हे जन्म रेषेच्या कुठल्या बाजूला झाला यावर ठरतं. रेष ओलांडून पलीकडे राहायला गेलं म्हणून पलीकडचा दर्जा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच हे स्पष्ट केलं, आणि तेही मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधल्या प्रवेशाच्या प्रकरणात. अर्जदार आंध्रात जन्मलेला आणि लहानपणीच वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेला. त्याला महाराष्ट्रातली राखीव जागा मिळाली नाही.

मदतीच्या ओढीने माणूस जातो का?

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० च्या दशकात एक मुद्दा मांडला आणि तो अजून चर्चेत आहे: दारं सताड उघडी ठेवायची आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला कल्याणाची हमीही द्यायची, या दोन गोष्टी एकाच वेळी जमत नाहीत. मदत जिथे जास्त, तिथे गरिबांची रीघ लागेल, हा त्यामागचा तर्क.

तर्क साफ खोटा नाही. डेन्मार्कने २००२ मध्ये युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या नव्या लोकांचा निर्वाह भत्ता जवळपास निम्म्यापर्यंत खाली आणला. पुढे संशोधकांनी आकडे तपासले, तेव्हा येणाऱ्यांची संख्या खरोखरच घटलेली दिसली. त्याच धोरणाची दुसरी बाजूही अभ्यासातून पुढे आली. भत्ता कापल्याने निर्वासित सुरुवातीला कामाला लागले खरे, पण तो परिणाम टिकला नाही. घरातली गरिबी मात्र वाढली आणि तिच्याबरोबर गुन्हेही वाढले.

आपल्या बाजूचा दाखलाही आहे. १९७६ च्या कायद्याने तेलंगणातल्या लंबाडा, म्हणजे बंजारा, समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यानंतर महाराष्ट्रातून बंजारा कुटुंबांचा मोठा ओघ आदिलाबाद जिल्ह्यात गेला. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी गोंडांमध्ये आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली होती. त्यांनी हे स्थलांतर आणि त्यामुळे गोंडांच्या जमिनींवर आलेला ताण नोंदवून ठेवला आहे. २०१७ मध्ये आदिलाबादेत गोंड आणि लंबाडा यांच्यात संघर्ष पेटला, त्याची मुळं तिथपर्यंत जातात. म्हणजे सवलतीची ओढ असते, आणि तिची किंमत तिथला सगळ्यात दुबळा माणूस मोजतो. हे नाकारून स्थलांतरितांची बाजू घेता येत नाही.

पण आदिलाबादेत पणाला लागली होती पिढ्यान्‌पिढ्या पुरणारी गोष्ट: जमीन आणि आरक्षण. महिन्याच्या हजार-दोन हजारांसाठी घर मोडून कुणी परमुलखात जात नाही. कर्नाटकात रोजगार हमीचा रोज जास्त आहे म्हणून इकडची माणसं तिकडच्या कामावर जात नाहीत. जाऊ शकतही नाहीत, कारण जॉबकार्ड ग्रामपंचायतीला बांधलेलं असतं. ती जातात उसाच्या फडात. तिथे सरकारी मदत शून्य असते, पण काम आणि रोख उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळतात.

कोयत्याचा हिशेब

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे एक जोडपं. उचल जोडप्याच्या नावावर घेतली जाते, त्यामुळे नवरा-बायको दोघंही त्या पैशाला बांधले जातात. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून डोक्यावरून गाडी भरायची. गाडी रात्री दोनला आली तरी भरायलाच लागते. उसाचे वाढे विकून चार पैसे सुटतात तेवढीच वरकमाई.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. तोडणीचा मूळ दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. आता हिशेब मांडू. समजा एका कोयत्याने एक लाखाची उचल घेतली. ती फेडायला २७३ टनांच्या वर ऊस तोडावा लागेल. रोज दोन टन पडला तर १३७ दिवस, म्हणजे दिवाळीनंतर सुरू झालेल्या हंगामाचा जवळजवळ सगळा काळ. मध्ये पाऊस आला, कारखाना बंद पडला, पोर आजारी पडलं, बाईला उभं राहवेना, तर तो खाडा, आणि खाड्याला दंड. फिटलं नाही तर बाकी पुढच्या हंगामात, पुन्हा उचल देणाऱ्या त्याच मुकादमाकडे.

या हिशेबात कारखान्याच्या बाजूने काय काय बसत नाही, ते पाहिलं पाहिजे. या जोडप्याच्या बालपणीचं दूध, शाळा आणि लसीकरण धाराशिव-बीडने सोसलं. फडात गेल्यावर मागे राहिलेल्या लेकरांना आजी-आजोबा सांभाळतात. बरोबर नेलेल्यांची शाळा तुटते. आजारपण आलं की औषधाला घरचे पैसे. कंबर गेली की माणूस गावी परततो आणि तिथल्या दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो. श्रम पिकतात एका जिल्ह्यात, त्यांची झीज दुसऱ्या जिल्ह्याच्या माथी.

या झिजेचा एक आकडा विधिमंडळापर्यंत पोहोचला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. साधारण दर सहा जणींत एक. फडात ना पाण्याची सोय ना आडोशाची, खाडा करण्याची मुभा नाही, आजार अंगावर काढायचा आणि शेवटी पिशवीच काढून टाकायची. कारखान्याच्या ताळेबंदात या खर्चाला रकाना नाही.

आलेल्याने कुणाचं नुकसान होतं?

बाहेरचे आले की स्थानिकांची मजुरी पडते, ही दुसरी भीती. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामी शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८० साली क्युबातून सव्वा लाखाच्या आसपास माणसं काही महिन्यांत बोटींनी अमेरिकेत उतरली आणि मायामीची कामकरी संख्या सात टक्क्यांनी वाढली. तरी स्थानिकांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर ठळक परिणाम कार्ड यांना सापडला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे त्याच आकड्यांतून कमी शिकलेल्या पुरुषांची मजुरी घसरल्याचा निष्कर्ष काढला. वाद मिटलेला नाही. पण बाहेरचे आले की स्थानिक बुडालेच, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याच्या हाती पुरावा नाही, हे नक्की.

तिजोरीचा हिशेब देशागणिक बदलतो, आणि तो बदलतो कल्याणव्यवस्थेच्या घडणीमुळे. क्रिस्टियन डस्टमन आणि टोमासो फ्रातीनी यांनी २००१ ते २०११ या काळातल्या ब्रिटनचा अभ्यास केला. त्या काळात युरोपातून आलेल्या नव्या लोकांनी सरकारकडून घेतलं त्यापेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त करातून भरलं. ते तरुण होते आणि आल्या आल्या कामाला लागले होते. डेन्मार्कसारख्या देशात कर जास्त, मदतही जास्त, आणि भाषा व प्रशिक्षणाशिवाय नोकरी मिळणं अवघड. तिथे कामाबाहेर राहिलेल्या निर्वासितांचा हिशेब उणे जातो. आखाती देशांनी तिसरी वाट धरली: काम द्यायचं, पगार द्यायचा, कल्याणाचा वाटा मात्र नागरिकांसाठी राखून ठेवायचा. कोकणातल्या कितीतरी घरांवर त्या पैशाने स्लॅब पडले, पण माणूस थकला की परतीचं विमान ठरलेलं.

ऊसतोडीची रचना या तिघांपैकी कुणाशी जुळते? आखाताशी. फरक इतकाच की आखातात जाणारा परदेशात जातो, आणि जळकोटवरून कोल्हापूरला जाणारा स्वतःच्याच राज्यात परका ठरतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे उघडं पडलं. हंगाम संपत आला होता आणि टोळ्या कारखान्यांवर अडकल्या. १७ एप्रिलला राज्य सरकारने ३८ कारखान्यांच्या परिसरातल्या सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांना गावी परतायची परवानगी दिली. सरकारच्या कागदावर एवढे मजूर एकदम दिसले, ते परत पाठवायच्या वेळी. ते कामावर होते तेव्हा त्यांची अशी मोजदाद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

शहराच्या पगारातून गावाचं काम

पोटासाठी गाव सोडावं लागण्याच्या या कोड्याला महाराष्ट्राने एकदा स्वतःचं उत्तर शोधलं होतं, आणि ते जगाने पाहिलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना सांगलीच्या तासगाव तालुक्यात आपल्या विसापूर गावी १९६५ च्या सुमारास करून पाहिली. १९७२ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्याने दिलं. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडी रक्कम कापायची आणि ती गावच्या कामावर लावायची. आजही हा कर वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये आहे. गावात काम मिळालं तर माणसं अगतिक होऊन शहराकडे धावणार नाहीत, त्यात शहराचंही हित आहे, हा त्यातला व्यवहार. शहराने तो मान्य केला.

रोजगार हमी पुढे देशाची योजना झाली, २००५ च्या कायद्याने. क्लेमां आंबेर आणि जॉन पॅप या अर्थतज्ज्ञांनी गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश जिथे मिळतात तिथली गावं अभ्यासली. राजस्थानात रोजगार हमीची कामं जास्त निघाली आणि तिथून हंगामी स्थलांतर कमी झालं. रेषेवरच्या गावांनी दाखवलेला हा पुरावा जळकोटच्या पट्ट्याला जसाच्या तसा लागू आहे.

मग आपल्याकडे टोळ्या का निघतात? कारण मुकादम दसऱ्याच्या आधी लाखभर रुपये एकरकमी हातावर ठेवतो, आणि रोजगार हमीचा पैसा काम झाल्यावर, हप्त्याहप्त्याने, बऱ्याचदा उशिरा येतो. लग्न, दवाखाना, सावकाराचं देणं हे कामाच्या मस्टरची वाट पाहत थांबत नाहीत. हमी कागदावर कायम आहे. उचलीशी स्पर्धा करण्याची तिची ताकद मात्र राहिलेली नाही.

बरोबर नेता येणारा हक्क

एक हक्क मात्र चालता झाला. २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून सुरू झालेली 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना जून २०२२ पर्यंत सगळ्या देशात पोहोचली. टाळेबंदीनंतर सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये राज्यांना मुदत घालून दिली, तेव्हा तिला वेग आला. आता धाराशिवच्या कार्डावर बेळगावात अंगठा लावून धान्य उचलता येतं. निम्मं घर फडात आणि निम्मं गावात असेल तर दोघांनाही आपापला वाटा घेता येतो. फडापासून दुकान लांब असतं, त्या दुकानात धान्य शिल्लक असेलच असं नाही, हे खरं. पण कायदा आता मजुराच्या बाजूने उभा आहे.

युरोपने हे फार आधी केलं. १९५८ पासूनच्या नियमांनुसार कामगाराने एका देशात काही वर्षं आणि दुसऱ्या देशात काही वर्षं भरलेली वर्गणी एकत्र मोजली जाते. इटलीचा मजूर जर्मनीत राबला तर त्याचं निवृत्तिवेतन हवेत विरत नाही. आपलं सरकारही आपल्या शिकलेल्या मुलांसाठी हे करतं. जर्मनीबरोबरचा सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे. ब्रिटनशी २०२५ मध्ये व्यापार करार झाला तेव्हा दुहेरी वर्गणीतून तीन वर्षांपर्यंत सूट ठरली. अमेरिकेशी असा करार नाही, म्हणून पुण्याहून तिकडे गेलेला अभियंता पगाराच्या ६.२ टक्के तिथल्या सामाजिक सुरक्षा निधीत भरतो आणि दहा वर्षं पुरी व्हायच्या आत परतला तर सहसा रिकाम्या हाताने येतो. आपल्याकडून त्यावर वर्षानुवर्षं पाठपुरावा चालू आहे, आणि तो योग्यच आहे. तेवढीच तळमळ कोयत्यासाठी का नसावी?

महाराष्ट्राने पावलं टाकली आहेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे; गाळलेल्या टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे, असा त्याचा पाया आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ८२ वसतिगृहं ठरली, त्यात धाराशिवही आहे. दिशा बरोबर आहे. पण टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली की तो टन महाराष्ट्राच्या हिशेबात येत नाही, आणि कर्नाटकाच्या कल्याणाच्या यादीत हा मजूर बसत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आरोग्य योजना देऊ केली, तेव्हा कर्नाटक सरकारने ताबडतोब हरकत घेतली. रुग्णाचं नाव मागे पडलं आणि हद्दीचा वाद पुढे आला. दोन राज्यांनी एकमेकांच्या हद्दीत घुसून मदत वाटण्यापेक्षा, एकमेकांच्या माणसांची जबाबदारी कराराने वाटून घेणं शहाणपणाचं.

हा करार अवघड नाही. तोडणीला निघणाऱ्या प्रत्येक बाईची आणि पुरुषाची स्वतंत्र नोंदणी गावातच व्हावी, जोडप्याची एक अशी नको. ती नोंद दोन्ही राज्यांच्या कारखान्यांनी मानावी. कर्नाटकातला कारखाना इकडच्या मजुराकडून तोडलेल्या टनामागे वर्गणी देईल, महाराष्ट्रातला कारखाना तिकडच्या मजुरासाठी देईल, आणि पैसा मजुराच्या खात्यामागे जाईल. आरोग्य योजनेचं कार्ड फडाजवळच्या दवाखान्यात चाललं पाहिजे. लेकरांच्या शाळेचा दाखला हंगामापुरता आपोआप हलला पाहिजे. आणि गावच्या रोजगार हमीतून हंगामाआधी काही रक्कम आगाऊ मिळाली पाहिजे, म्हणजे मुकादमाशिवाय दुसरं दार उघडं राहील.

जगभरच्या अभ्यासांतून मला एवढंच पटलं आहे: स्थलांतरित तिजोरीला जड होतो, तो कामापासून आणि हक्कापासून तोडला जातो तेव्हा. ऊसतोड मजूर कामापासून तुटलेला नाही. साखरेच्या धंद्यातलं सर्वांत जड काम तोच करतो. त्याला हक्कापासून तोडलं आहे ते आपण.

वाचकहो, तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कराचा रकाना असेल तर तुम्ही या व्यवस्थेचे देणेकरी आहात आणि हिशेब मागण्याचे हक्कदारही. आपल्या आमदाराला, मग तो सोलापूरचा असो की तुळजापूरचा, कोल्हापूरचा असो की पुण्याचा, एकच प्रश्न विचारा: पुढचा हंगाम सुरू होण्याआधी कर्नाटकाशी ऊसतोड मजुरांबाबत करार होणार आहे की नाही? उत्तर लेखी मागा.